थेट सरपंच, त्याचं मानधन आणि गावातले नेहमीचे प्रश्न

निवडणूक जवळ आली की पारावर, चहाच्या टपरीवर आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच तेच प्रश्न फिरत असतात आणि उत्तरं मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून काढलंय. हे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींबद्दल आहे, शेवटी शेवटी थोडं नगरपंचायतीबद्दल पण आहे कारण मोठ्या बाजारगावांना तो प्रश्न पडतोच.

थेट सरपंच म्हणजे नक्की काय बदललं?

आधी आपण फक्त सदस्य निवडून द्यायचो आणि मग ते सदस्य पहिल्या मीटिंगला बसून आपल्यातूनच एकाला सरपंच करायचे. आता सरपंचाचं मत आपणच वेगळं देतो, अख्खं गाव मिळून. उपसरपंच मात्र अजूनही सदस्यांमधूनच निवडला जातो.

जुन्या पद्धतीत निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सदस्य गायब. कोणी महाबळेश्वरला, कोणी गोव्याला, फोन बंद, आणि सरपंच निवडीच्या दिवशीच सकाळी गाड्या भरून आणायचे. ते आता बरंच कमी झालंय. बंद झालंय असं म्हणणार नाही, कारण उपसरपंचासाठी अजून चालतं, फक्त ट्रिप जरा जवळची असते.

हे नेमकं कधीपासून आहे? आमच्याकडे एकदा थेट झालं मग परत जुनं झालं मग परत थेट.

बरोबर आठवतंय तुम्हाला. २०१७ ला फडणवीस सरकारने थेट सरपंच आणला. २०२० ला महाविकास आघाडीने तो रद्द केला, तेव्हा आधी अध्यादेश काढायला गेले तर राज्यपालांनी सही केली नाही, विधिमंडळात विधेयक आणा म्हणाले, मग ते विधेयक आणून पास केलं. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली ती त्यामुळे जुन्या पद्धतीने झाली. मग जुलै २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकार आल्याआल्या पुन्हा थेट. म्हणजे पाच वर्षांत तीनदा कायदा फिरला.

माझं स्पष्ट मत असं की दोन्ही पद्धतींत बरंवाईट आहे, पण सरकार बदललं की पद्धत बदलायची हे दोन्हींपेक्षा वाईट आहे. शेजारशेजारच्या दोन गावांत निवडणुकीची वर्षं वेगळी म्हणून एकाकडे थेट सरपंच आणि दुसऱ्याकडे सदस्यांनी केलेला सरपंच, अविश्वासाचे नियम वेगळे, आणि लोक म्हणतात कायदा एकच आहे ना.

आमच्या गावाने ग्रामसभेत ठराव केला तर आम्हाला हवी ती पद्धत ठेवता येईल का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २४३-ग मध्ये असं आहे की तालुका आणि जिल्हा पातळीवर अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडायचा, पण गावपातळीवरच्या पंचायतीचा प्रमुख कसा निवडायचा हे राज्याच्या कायद्याने ठरवायचं. म्हणजे निर्णय विधिमंडळाचा, गावाचा नाही. म्हणूनच तर मुंबईत सरकार बदललं की आपल्याकडे सरपंच निवडायची रीत बदलते आणि पंचायत समितीच्या सभापतीला मात्र कधीच काही होत नाही.

मानधनाचं पण तेच. ग्रामसभा ठराव करून सरपंचाचा पगार वाढवू शकत नाही आणि कमीही करू शकत नाही.

मतदानाला गेल्यावर बटणं किती दाबायची?

तुमच्या प्रभागात जेवढ्या जागा तेवढी, अधिक सरपंचाचं एक. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात (दीड हजारापर्यंत ७, साडेसात हजाराच्या वर १७) आणि एका प्रभागात दोन किंवा तीन जागा. तीन जागांचा प्रभाग असेल तर तीन सदस्य आणि एक सरपंच अशी चार मतं. प्रत्येक जागेची मतपत्रिका मशीनवर वेगळी लावलेली असते, रंगही वेगळे असतात.

गोंधळ इथेच होतो. म्हातारी माणसं आपल्या पॅनलचं एक बटण दाबतात आणि निघायला लागतात, आतून साहेब ओरडतात आजी अजून राहिलंय, आजी म्हणते दिलं की बाबा मत. सगळी मतं दिल्याशिवाय शेवटचा लांब बीप वाजत नाही. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा पण दाबा, अर्धवट सोडून येऊ नका.

सरपंच एका पॅनलचा आणि बॉडी दुसऱ्याची, असं झालं तर?

हाच खरा घोळ आहे थेट पद्धतीतला. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, सगळं पॅनलवर चालतं, आणि लोक सरपंचाला माणूस बघून मत देतात पण सदस्याला भावकी बघून. त्यामुळे सरपंच या पॅनलचा आणि अकरापैकी सात सदस्य त्या पॅनलचे हे सर्रास होतं.

मग मासिक मीटिंगला काय होतं तर सरपंचाने विषय ठेवायचा आणि बॉडीने बहुमताने तो पाडायचा. सरपंच म्हणतो मला गावाने निवडून दिलंय, सदस्य म्हणतात आम्हाला काय तालुक्याने दिलंय का. मतं समसमान पडली तर सरपंचाचं निर्णायक मत असतं, पण सात विरुद्ध चार असेल तर निर्णायक मताचा काय उपयोग. काही गावांत सदस्य मीटिंगला येतच नाहीत, कोरम होत नाही, मीटिंग तहकूब. कामं अडतात आणि लोक शिव्या सरपंचाला घालतात कारण मत त्याला दिलेलं असतं.

अशा वेळी सरपंचाकडे एकच चांगला रस्ता असतो, ग्रामसभा. तिथे सदस्य नाही तर मतदार बसलेले असतात. जो सरपंच ग्रामसभेला माणसं जमवू शकतो त्याला विरोधी बॉडीला घेऊनही काम करता येतं. बाकीचे पाच वर्षं फक्त पत्रव्यवहार करतात.

थेट सरपंचावर अविश्वास आणता येतो का?

येतो पण जड आहे. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं आणता येत नाही, मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतही नाही. सदस्यांपैकी तीन चतुर्थांशांनी ठराव पास करावा लागतो आणि त्यावर पण सरपंच लगेच जात नाही, विशेष ग्रामसभा बोलावून गुप्त मतदान होतं आणि गावाने हो म्हटलं तरच जातो. हे मला वैयक्तिक पटतं. गावाने बसवला तर गावानेच उठवावा.

बाकी अपात्रतेचे रस्ते वेगळेच आहेत आणि खरं सांगायचं तर सरपंच जास्त करून तिकडूनच जातात. सरकारी जागेवर अतिक्रमण हा सगळ्यात मोठा, आणि ते फक्त स्वतःचं नाही, कुटुंबातल्या माणसाचं असलं तरी सुप्रीम कोर्टाने अपात्र धरलंय. गायरानात वडिलांनी तीस वर्षांपूर्वी बांधलेला गोठा मुलाची सरपंचकी घेऊन जातो. घरपट्टी थकवणं, पंचायतीच्या कामात ठेका किंवा भागीदारी असणं, सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य, ही कारणं पण आहेतच.

सरपंचाला पगार किती असतो?

पगार नाही, मानधन. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते दुप्पट केलं. आता लोकसंख्या २ हजारांपर्यंत असेल तर सरपंचाला महिन्याला ६,००० आणि उपसरपंचाला २,०००. २,००१ ते ८ हजारांपर्यंत सरपंच ८,००० आणि उपसरपंच ३,०००. ८ हजारांच्या वर सरपंच १०,००० आणि उपसरपंच ४,०००. त्याआधी २०१९ पासून सरपंचाचं ३, ४ आणि ५ हजार होतं आणि त्याच्याही आधी १ हजार, दीड हजार, २ हजार.

लोकसंख्या धरतात ती २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर एमआयडीसी आली, चाळी झाल्या, गाव दुप्पट झालं तरी कागदावर गाव तेवढंच.

सदस्यांना काय मिळतं?

मीटिंगचा भत्ता, २०० रुपये. आधी २५ होता.

६,००० रुपये दुप्पट झाले म्हणतात, पण ते पुरतात का?

नाही, आणि यावरच मला जरा जास्त बोलायचंय. ६,००० भागिले ३० म्हणजे दिवसाला २०० रुपये. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. म्हणजे ज्या सरपंचाच्या सहीने रोहयोच्या कामांना मंजुरी जाते त्याचा रोज त्या कामावरच्या मजुरापेक्षा कमी.

आता लोक म्हणतात सरपंचकी ही काय नोकरी आहे का, ती समाजसेवा. ठीक आहे. पण तालुक्याला पंचायत समितीत आठवड्यातून दोन चकरा, बांधकाम विभागात एक, जिल्हा परिषदेत महिन्यातून एक, येणाऱ्याजाणाऱ्याचा चहा, प्रत्येक लग्नाला आहेर, मयतीला जायचं, कोणाचं पोरगं अॅक्सिडेंटमध्ये सापडलं तर रात्री सिव्हिलला पळायचं ते पण स्वतःच्या गाडीत स्वतःच्या डिझेलने, हे ६ हजारात बसवून दाखवा. बसत नाही म्हणून काय होतं तर दोनच प्रकारची माणसं उभी राहतात. एक ज्याची वीस एकर बागायत आहे किंवा तालुक्याला दुकान आहे, आणि दुसरा ज्याला हे पैसे दुसरीकडून काढायचेत. शेतमजूर बाई राखीव जागेवरून सरपंच होते तेव्हा तिचा रोज बुडतो, आणि मग सहीला बोलावलं की यायचं एवढंच तिचं काम उरतं कारण रोज ऑफिसात बसणं तिला परवडतच नाही.

थेट निवडणुकीने दार उघडलं हे खरं, आता कोणालाही अख्ख्या गावाकडे जाऊन मत मागता येतं, सात सदस्य फोडायला लागत नाहीत. पण आत आल्यावर पाच वर्षं टिकायचं कसं याचा विचार मानधन ठरवताना कोणी केलेला दिसत नाही. निवडायची पद्धत आणि मानधन या दोन गोष्टी कायम वेगवेगळ्या फाईलीत राहिल्या, एकीवर विधानसभेत रात्रभर भांडणं आणि दुसरी पाच वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर कधीतरी. २०१९ ची वाढ बघा, २०२४ ची बघा, दोन्ही वेळा विधानसभा निवडणूक दोन तीन महिन्यांवर होती. असो.

आमच्या सरपंचांना मानधन पूर्ण मिळत नाही म्हणतात, सरकारने तर जाहीर केलंय?

जाहीर केलंय पण सगळं सरकार देत नाही. ७५ टक्के सरकारचं अनुदान आणि २५ टक्के ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचे. ६,००० वाल्या गावात सरकारकडून ४,५०० आणि पंचायतीचे १,५००. उपसरपंचाचे ५०० धरले तर गावाला महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,००० काढून ठेवायला लागतात. हजार बाराशे वस्तीच्या गावात घरपट्टी पाणीपट्टीची वसुली किती होते ते तुम्हालाच माहिती आहे, त्यात शिपायाचा पगार, पाण्याच्या मोटरचं बिल आणि स्ट्रीटलाईट. मग सरपंचच म्हणतो राहू दे माझं, आधी मोटर दुरुस्त करा. आणि वसुलीला जोर लावला तर पुढच्या वेळी मतं जातात.

वसुलीवर उपाय केलेली गावं आहेत. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, कर पूर्ण भरला की दळण फुकट. ते कौतुकाने सांगतात सगळे, पण आपल्या गावात करूया म्हटलं की गिरणीवाला भाऊबंद निघतो.

सरपंचपदासाठी प्रचाराला किती खर्च करता येतो?

थेट सरपंचासाठी निवडणूक आयोगाने २०१७ ला मर्यादा घालून दिली ती अशी, ७ ते ९ सदस्यांच्या गावात ५० हजार, ११ ते १३ च्या गावात १ लाख आणि १५ ते १७ च्या गावात पावणेदोन लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, नाही दिला तर अपात्र होऊ शकता. हरलेल्यांनी पण द्यायचा बरं का, हरलेला माणूस वैतागून देत नाही आणि पुढच्या वेळी फॉर्म भरायला गेला की यादीत नाव सापडतं. आपल्या वेळची मर्यादा किती ते तहसीलला विचारून घ्या.

खरा खर्च किती होतो ते विचारू नका. दोन रात्रींची जेवणं आणि पुण्यामुंबईहून मतदार आणायच्या गाड्या यातच मर्यादा संपते.

सरपंचपदाचा लिलाव होतो ते खरं का? ते चालतं का?

चालत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत जानेवारी २०२१ मध्ये असे लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. उमराण्याची बोली २ कोटींच्या वर गेली होती, मंदिरासाठी. खोंडामळीची ४२ लाख.

तेव्हा सरपंचाचं मानधन होतं ३ ते ५ हजार. मोठ्यातलं मोठं ५ हजार धरलं तरी पाच वर्षांचे होतात ३ लाख. आता २ कोटी देऊन ३ लाखांचं पद घेणारा माणूस किती धार्मिक असेल याचा ज्याने त्याने विचार करावा. मंदिर होतं हो, नाही असं नाही, पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत त्याचा उभं राहायचा हक्क गावाने परस्पर विकलेला असतो.

मग बिनविरोध पण चूक का?

बिनविरोध वेगळं. समजुतीने एकाच माणसाने फॉर्म ठेवला आणि बाकीच्यांनी स्वखुशीने मागे घेतले तर कायदेशीर आहे. पैसे, धमकी, बहिष्कार यातलं काही आलं की मग नाही. बिनविरोध गावाला अमुक लाख देतो असं आमदार जाहीर करतात तेव्हा पण मला जरा खटकतं, कारण त्या लाखांसाठी ज्याला बसवलं जातं तो नेहमी गरीबच असतो.

फॉर्म कोण भरू शकतं?

गावच्या मतदार यादीत नाव, वय २१ पूर्ण, घरात शौचालय, १ जानेवारी १९९५ नंतरचा जन्म असेल तर किमान सातवी पास. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणीचे कागद. पडताळणीचं काम आधीच सुरू करा, शेवटच्या आठवड्यात त्या ऑफिसबाहेर उभं राहायला जागा नसते.

आरक्षण कसं ठरतं?

सरपंचपदाचं आरक्षण तालुक्यात सोडत काढून पाच वर्षांसाठी ठरतं आणि फिरत राहतं. अर्धी पदं महिलांसाठी राखीव, २०११ पासून. सोडत निघाली की ज्यांनी दोन वर्षं तयारी केलेली असते त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, आणि रातोरात बायकोच्या नावाचे फ्लेक्स छापायला जातात.

सरपंच ताई आहेत पण खुर्चीवर त्यांचे मिस्टर बसतात, तक्रार करता येते का?

येते, गटविकास अधिकाऱ्याकडे. नातेवाईकांनी कारभारात लुडबूड करू नये अशी परिपत्रकं निघालेली आहेत. पण मला विचाराल तर तक्रारीआधी ताईंना ग्रामसभेत थेट प्रश्न विचारा, साहेबांना नाही. दोनतीन सभांत ताई स्वतः उत्तरं द्यायला लागतात. काही ठिकाणी मिस्टरपेक्षा बऱ्या निघाल्यात.

चेकवर सही कोणाची असते?

सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय). वित्त आयोगाचे पैसे ऑनलाईन जातात, त्यासाठी दोघांची डिजिटल सही असते, पेनड्राईव्हसारखा डोंगल. आता खरी गंमत सांगतो, बऱ्याच ठिकाणी सरपंचाचा आणि ग्रामसेवकाचा असे दोन्ही डोंगल कॉम्प्युटर चालवणाऱ्या पोराच्या ड्रॉवरमध्ये असतात, पासवर्ड चिकटपट्टीने वर लावलेला. अख्ख्या गावाने मत देऊन ज्याच्या हातात सही दिली त्याची सही ड्रॉवरमध्ये. नवीन सरपंच झाला असाल तर हार स्वीकारून झाल्यावर पहिलं काम डोंगल ताब्यात घ्या आणि पासवर्ड बदला.

आमचं गाव मोठं आहे, नगरपंचायत झाली तर फायदा का तोटा?

साधारण १० ते २५ हजार लोकसंख्येच्या गावांचा हा विषय, तालुक्याच्या गावांच्या तर २०१४ नंतर बहुतेक झाल्याच. तिथे १७ प्रभाग, एका प्रभागातून एक नगरसेवक, आणि नगराध्यक्ष थेट. म्हणजे मतदाराला दोन मतं. नगराध्यक्षाचं पण सरपंचासारखंच झालंय, २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या त्या थेट नगराध्यक्षाच्याच, निकाल सगळ्यांचा एकदम २१ डिसेंबरला.

फायदा म्हणजे निधी मोठा, मुख्याधिकारी पूर्णवेळ. तोटा म्हणजे घरपट्टी वाढते, आणि ग्रामसभा जाते. हे लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रामपंचायतीत कोणीही उठून सरपंचाला सगळ्यांसमोर विचारू शकतो रस्त्याचे पैसे कुठे गेले, नगरपंचायतीत तुम्ही अर्ज टाकायचा आणि पोच घेऊन घरी जायचं. शिवाय तिथे पक्षाची चिन्हं आली, म्हणजे तिकीट वरून.

गोव्यात, कर्नाटकात कसं आहे? आमचे पाहुणे वेगळंच सांगतात.

दोन्हीकडे गावचा प्रमुख सदस्यांमधूनच निवडला जातो. गोव्यात सरपंचावर अविश्वास ठराव इतके येतात की पाच वर्षांत दोन तीन सरपंच बघितलेली गावं बरीच सापडतील. बेळगाव, निपाणीकडच्या आपल्या लोकांकडे त्याला अध्यक्ष म्हणतात. थेट पद्धत नको म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं आणि हवीच म्हणणाऱ्यांनी विरोधी बॉडीत अडकलेल्या आपल्याकडच्या एखाद्या गावाकडे.

ग्रामसभेला जाऊन काही होतं का? सगळं आधीच ठरलेलं असतं.

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो कमी तो. प्रत्यक्षात रजिस्टर फिरतं, लोक सह्या करून झेंडावंदनाचं जिलेबीचं पुडकं घेऊन निघून जातात, आणि प्रोसिडिंगमध्ये खाली मोकळी जागा सोडलेली असते. त्या जागेत नंतर काय लिहिलं जातं ते तुम्हाला दोन वर्षांनी कळतं. म्हणून सही करायच्या आधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा म्हणा आणि शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारून घ्या. रेघ मारायला सांगणारा माणूस गावात दोन दिवस नावडता होतो, तिसऱ्या दिवशी लोक विसरतात.

पैसे कुठे खर्च झाले ते घरबसल्या बघता येतं का?

येतं. ई-ग्रामस्वराजच्या साईटवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. सगळं अपडेट असेलच असं नाही पण ज्या गटारीचे पैसे निघालेत आणि जी गटार तुमच्या गल्लीत नाहीये ती तिथे नक्की सापडेल. त्या पानाची प्रिंट काढून ग्रामसभेला घेऊन जा, तोंडी विचारलं तर बघतो म्हणतात.